अकरावं नाव

कोलंबस, ओहायो
८ जुलै २००७

यशोधन,

तुझं टपाल अजून इथंच येतंय. लायब्ररीची दोन पत्रं, डेंटिस्टचं रिमाइंडर आणि पुण्याहून तुझ्या आईंचं एक पाकीट. ते मी उघडलेलं नाही. सगळं एका मोठ्या लिफाफ्यात घालून तुझ्या सांता क्लाराच्या पत्त्यावर पाठवतेय. पत्ता तुझ्या डिपार्टमेंटच्या ऑफिसमधून मिळवला. तू दिला नव्हतास, त्याबद्दल तक्रार नाही.

फोन उचलत नाहीस, ईमेलला उत्तर नाही, म्हणून कागद घेतला. कागद फेकायचा तरी हातात घ्यावा लागतो.

इकडे गेल्या आठवड्यात बास्केटबॉलचा ड्राफ्ट झाला. आपल्या टीमला दुसरा नंबर मिळाला. 'आपल्या' लिहून गेले बघ. माझ्या टीमला. एकोणीस वर्षांचा, पावणेसात फूट उंच मुलगा आलाय. गाव नुसतं खुळं झालंय. ट्रेनिंग सेंटरमध्ये केक कापला, आणि डेलने स्वतः माझ्या हातात तुकडा दिला. मेडिकलचा हेड माणूस, एरवी कॉफीसुद्धा कुणाला विचारत नाही. म्हणाला, "सई, यात तुझाही वाटा आहे." मी खाल्ला.

खालच्या शैला काकूंनी जिन्यात अडवलं. "टीव्हीवर मिरवणूक कसली गं दाखवतायत? जिंकले का तुमचे लोक?"

म्हटलं, "नाही काकू, हरले. सगळ्या लीगमध्ये खालून दुसरे आले. म्हणून कॉलेजातून येणाऱ्या नव्या मुलांपैकी फार चांगला मुलगा मिळाला त्यांना."

काकूंना पटेना. मग तू समजावतोस तसं समजावलं. जी टीम दुबळी तिला नवा खेळाडू आधी निवडू देतात, म्हणजे पुढच्या वर्षी सगळ्या टीम्स जरा बरोबरीला येतील. शेवटच्या टीमलाच पहिला नंबर मिळेल असं नाही, त्यासाठी सोडत काढतात. पण जितकं जास्त हराल तितकी सोडतीत तुमचं नाव निघायची शक्यता जास्त.

"अगं, मग मुद्दाम हरतील की!" काकू म्हणाल्या, आणि खाली निघून गेल्या. तुझ्या प्रबंधाची चार प्रकरणं एका वाक्यात.

तुझा उपाय मी त्यांना सांगितला नाही. सीझन संपल्यावर मधली एखादी तारीख सोडतीनं काढायची, त्या दिवशी कुठली टीम कुठं होती ते बघायचं आणि त्यावर नंबर ठरवायचे, म्हणजे शेवटी शेवटी हरून कुणालाच काही मिळणार नाही. सांगायला गेले असते तर जिन्यात आवाज नीट राहिला नसता.

एक गोष्ट मात्र स्वच्छ सांगायची आहे. आमच्या टीममधल्या विलिस ग्रेडीच्या गुडघ्याबद्दल मी तुला जे सांगितलं तेच इंज्युरी फॉर्मवर होतं. टीमची फिजिओ म्हणून तपासणी माझी, अक्षर माझं. लीगच्या न्यूयॉर्कच्या त्या मीटिंगमध्ये खेळाडूंच्या युनियनच्या बाईंनी तुझ्यासमोर जो कागद ठेवला तो विलिसनं स्वतःबद्दल लिहिलेला होता. बारा वर्षं लीगमध्ये खेळलेला, चौतिशीतला माणूस. असे लोक नेहमीच म्हणतात, आम्ही ठणठणीत आहोत. मी रोज ऐकते. सूज होती, यशोधन. थोडी होती, पण होती.

चार दिवसांचे कपडे आणि लॅपटॉप एवढंच घेऊन गेलास. बाकीचं पाठवू का?

सई


९ सप्टेंबर २००७

यशोधन,

पार्सल पोचल्याची पावती आली. सही तुझीच आहे, म्हणजे तब्येत बरी असावी.

शुक्रवारी विलिस क्लिनिकमध्ये आला होता. कुठल्याच टीमनं त्याला घेतलेलं नाही. गेल्या वर्षीच्या करारात त्याची एक अट होती, हे मला तेव्हा माहीत होतं, तुला नसावं. सीझनमध्ये पासष्ट मॅच खेळला तर करार आणखी एक वर्ष चालणार. त्याच्या एकसष्ट झाल्या होत्या, आणि उरलेल्या सगळ्या मॅच त्याला बसवून ठेवलं. तो खेळायला लागला की टीम जिंकायची. तेच नको होतं.

आल्यावर सवयीनं टेबलावर चढून बसला आणि पँट गुडघ्यापर्यंत दुमडली. "बघ," म्हणाला.

"विलिस, मी आता तुला तपासू शकत नाही. तू टीमचा नाहीस."

"मग नुसतं बघ."

खाली उतरला आणि एका पायावर दहा उड्या मारल्या. त्याच पायावर. मशीनवरच्या पाण्याच्या बाटल्या हलल्या. श्वाससुद्धा चढला नाही.

"मार्चमध्येही हे एवढं करता येत होतं मला," तो म्हणाला.

मी फायली लावत होते. त्या आधीच लावलेल्या होत्या.

"शेवटच्या मॅचला माझी आई आली होती. अलाबामाहून, बसनं. तिला विमानाची भीती वाटते. मी सूट घालून बेंचवर बसलो होतो. मॅच संपल्यावर ती म्हणाली, तुला एवढं दुखत होतं तर माझ्यापासून का लपवलंस? मी सांगितलं, मला काही झालेलं नाही. ती म्हणाली, पेपरात आलंय. एवढ्या मोठ्या लोकांनी तपासलंय. तू आईशी तरी खरं बोल." मग त्यानं पँट सरळ केली. "ती अजून रागावलेली आहे. मी खोटं बोलतोय असं तिला वाटतं."

त्यानं आवाज चढवला असता तर मला सोपं गेलं असतं. जानेवारीत शिकागोला त्याच्या तक्रारीची सुनावणी आहे. मला बोलावतील म्हणाला. "काय बोलायचं ते सांगायला नाही आलो. एवढंच विचारायचंय. तुला माहीत होतं ना?"

मी म्हटलं, "माझी पुढची अपॉइंटमेंट आहे."

तो गेला. अपॉइंटमेंट नव्हती.

हे तुला का लिहितेय ते तुला कळेल. तू हुशार आहेस. पण मागच्या पत्रात मी 'थोडी सूज होती' असं लिहिलं, ते वाक्य मला फार लागायला लागलंय. सध्या एवढंच.

सई


११ नोव्हेंबर २००७

यशोधन,

दिवाळी झाली. शैला काकूंनी फराळाला बोलावलं होतं. त्यांचा मुलगा रवी विचारत होता, "यशोधन कॉन्फरन्सला गेलाय का?" मी हो म्हटलं. बघ, किती पटकन जमतं मला.

आज सगळं लिहायला बसलेय. मध्ये थांबले तर पुन्हा सुरू होणार नाही, तेव्हा वाकडंतिकडं होईल.

२६ मार्चला डेलनं मला केबिनमध्ये बोलावलं. विलिसची तपासणी मी सकाळीच केली होती. गुडघा चांगला होता. मी तसं म्हटलं.

डेल हसला. "सई, काहीतरी असेलच ना. चौतिसाव्या वर्षी कुणाच्या गुडघ्यात काही नसतं?"

"थोडंफार असतंच. पण खेळता येईल."

"तू 'थोडंफार' तेवढं लिही. खेळता येईल की नाही ते आम्ही ठरवू." मग म्हणाला, "आणि हो, तुझ्या ग्रीन कार्डचे पेपर माझ्याकडे आलेत सहीला. या आठवड्यात करून टाकतो." त्यात धमकी नव्हती रे. चांगला बोलत होता. बायकोनं लोणचं मागितलंय, असंही म्हणाला.

मी लिहिलं: गुडघ्याच्या टेंडनला मध्यम सूज, तीन आठवडे विश्रांती. 'थोडंफार' नाही लिहिलं. मध्यम. त्यानं मागितलं त्यापेक्षा जास्त दिलं मी. का, ते अजून कळत नाही. अर्धवट खोटं लिहिलं तर पकडले जाऊ, असं वाटलं असेल.

आता तो शनिवार. पाच मे. आपण तळघरातल्या लाँड्रीत चादरींच्या घड्या घालत होतो. दोन टोकं तुझ्याकडे, दोन माझ्याकडे. तू म्हणालास, "सई, तुला एक विचारू? तुझ्या ऑफिसचं आहे. नको वाटलं तर सांगू नकोस."

तुझ्या यादीत अकरा नावं होती. सीझनच्या शेवटी अचानक 'जखमी' झालेले, ज्यांच्या जखमा तुला आकड्यांवरून संशयास्पद वाटल्या असे अकरा खेळाडू. अकरावं नाव विलिसचं. तू म्हणालास, "मला कुणाच्या पोटावर पाय द्यायचा नाही. तू त्याला हातानं तपासलंयस. खरंच दुखतंय का त्याला?"

मी म्हटलं, "हो."

तू म्हणालास, "शंभर टक्के?"

मी म्हटलं, "अरे, मी स्वतः बघितलंय टेंडन. यादीतून काढ त्याला."

मग आपण चादरीची घडी घालत एकमेकांजवळ आलो. तुला केवढं हायसं वाटलं होतं. म्हणालास, "बरं झालं विचारलं. नाहीतर एका खऱ्या आजारी माणसावर आरोप केला असता." आणि तू त्याला नुसतं यादीतून काढलं नाहीस. रिपोर्टमध्ये वेगळा परिच्छेद लिहिलास त्याच्यावर, आकड्यांनी कसा घोटाळा होऊ शकतो, प्रत्येक केस माणसाला विचारून कशी तपासायला हवी, म्हणून. मी तो परिच्छेद वाचला होता. तू चहा करत होतास आणि मी तो वाचून 'छान झालाय' म्हटलं.

तेव्हासुद्धा बोलता आलं असतं. न्यूयॉर्कला निघालास त्या सकाळी तुझ्या टायची गाठ मी बांधली, तेव्हाही आलं असतं.

आणि मग युनियनची ती बाई तुला म्हणाली, ज्या एका केसची तुम्ही स्वतः खात्री देताय तीच खोटी आहे, तर बाकीच्या दहा आम्ही कशा मानायच्या? तू मला एवढंच सांगितलंस, की त्यानंतर कुणी प्रश्न विचारला नाही. सगळ्यांनी कागद आवरले आणि दहाव्या मिनिटाला दार उघडून दिलं. चार वर्षांचं काम. घरी येऊन तू मला पुन्हा एकदा विचारलंस, अगदी हळू, आणि मी पुन्हा म्हटलं, "फॉर्मवर आहे ना तसं." बॅग भरलीस.

ग्रीन कार्डसाठी, असं तुला वाटत असेल. मलाही वाटायचं. तुला सांगितलं असतं तर तू म्हणाला असतास, सोड नोकरी, जाऊ परत. आणि मला जायचं नव्हतं. नागपूरच्या त्या हॉस्पिटलात दिवसाला चाळीस पेशंट शेकत बसायचं नव्हतं. हे खरं आहे. पण हेच सगळं नाही.

खरं असं, की मला वाटलं, तुझ्या कागदाला विचारतंय कोण. एवढी मोठी लीग, एवढे वकील, आणि तू स्टुडंट व्हिसावरचा मुलगा, उसना कोट घालून. वीस मिनिटं ऐकतील, चहा देतील, पाठवून देतील. मग एका नावानं काय फरक पडतो? तू रोज संध्याकाळी इतक्या आवेशानं सांगायचास आणि मी हूं हूं करत भाजी चिरायची. माझा तुझ्यावर विश्वास होता. तुझ्या कामावर नव्हता. मी ते कधी तुला कळू दिलं नाही, आणि स्वतःलाही नाही.

हे वाचून तू काय करशील माहीत नाही. पण यापेक्षा खरं माझ्याकडे काही नाही.

सई


२७ जानेवारी २००८

यशोधन,

तुझी एका ओळीची ईमेल मिळाली. 'पत्रं पोचतात. उत्तर देता येत नाही.' मी ती प्रिंट करून घेतली. हसू नकोस.

शिकागोला जाऊन आले. सुनावणी एका हॉटेलच्या कॉन्फरन्स रूममध्ये होती. शेजारच्या हॉलमध्ये कुणाचं तरी लग्न होतं. निवाडा करणाऱ्या बाई सत्तरीच्या असतील, सारखं पेपरमिंट चघळत होत्या. एका बाजूला विलिस आणि युनियनच्या त्याच बाई. दुसऱ्या बाजूला टीमचे दोन वकील आणि डेल. आदल्या आठवड्यात वकिलांनी माझी तयारी करून घेतली होती. फॉर्मवर आहे तेवढंच बोला, आठवत नाही म्हणायला घाबरू नका.

युनियनच्या बाईंनी विचारलं, "२६ मार्चला तुम्ही विलिस ग्रेडींना तपासलंत. त्या दिवशी ते खेळू शकले असते का?"

मी म्हटलं, "हो."

डेल पेल्यात पाणी ओतत होता. ओतता ओतता थांबला.

"मग फॉर्मवर वेगळं का आहे?"

"तसं लिहायला मला सुचवलं गेलं. आणि मी नाही म्हटलं नाही."

टीमचा वकील उभा राहिला. माझ्या नोकरीबद्दल, ग्रीन कार्डबद्दल, माझं वैयक्तिक आयुष्य सध्या ठीक नाही याबद्दल विचारलं. ते कुठून कळलं त्याला? "तुम्ही तेव्हा खोटं लिहिलंत म्हणता. मग आज खरं बोलताय कशावरून?" म्हणाला.

मी म्हटलं, "कशावरूनच नाही. पण आज मला याचा काही फायदा नाही."

पेपरमिंटवाल्या बाईंनी ते लिहून घेतलं.

बाहेर पॅसेजमध्ये युनियनच्या बाई आल्या. माझ्या बॅजवरचं आडनाव वाचून म्हणाल्या, "मे महिन्यात या आडनावाचा एक मुलगा आला होता लीगच्या मीटिंगला. ड्राफ्ट सुधारायचा आराखडा घेऊन."

"माझा नवरा."

"त्याला तुम्ही सांगितलं होतंत?"

"हो. तो तपासल्याशिवाय काही लिहीत नाही. याच एका केसमध्ये त्यानं तपासलं नाही. मला विचारलं."

मी त्यांना म्हटलं, बाकीची दहा नावं परत बघा. तो आराखडा परत बघा. लीगला मी स्वतः पत्र लिहिते काय झालं त्याचं. त्या म्हणाल्या, "बघू." मग जाता जाता म्हणाल्या, "आराखडा चांगला होता. मला त्या दिवशीही चांगला वाटला होता."

हे वाक्य तुला कळवायलाच हवं होतं. बाकी सगळं सोडून दे.

परत आल्यावर तिसऱ्या दिवशी पत्र आलं. माझा करार मेअखेरपर्यंत आहे, पुढं वाढवणार नाहीत. ग्रीन कार्डचा अर्ज मागे घेतलाय. डेल माझ्याशी बोलत नाही. त्याच्या टेबलावर लोणच्याची बरणी आहे, रिकामी, धुऊन ठेवलेली.

लीगला पत्र टाकलं. चार पानी. प्रत सोबत आहे.

सई


१६ मार्च २००८

यशोधन,

विमानात लिहितेय. तुझ्यापासून लांब जाताना लिहायला सोपं जातंय.

न कळवता आले त्याबद्दल माफ कर. तुझ्या ऑफिसच्या रिसेप्शनवर नाव सांगितलं तेव्हा वाटलं, येणार नाहीस. आलास. गळ्यात बॅज, हातात डबा. बारीक झालायस. आपण मागच्या बाजूच्या बाकावर बसलो. समोर तुझ्या ऑफिसची पोरं व्हॉलीबॉल खेळत होती. मी विचारलं, "जेवलास?" तू डबा वर करून दाखवलास.

"विलिसच्या बाजूनं बोललीस ते चांगलं केलंस," तू म्हणालास. "त्याच्यासाठी चांगलं झालं."

"लीगमधून काही आलं का तुला?"

"फोन आला होता फेब्रुवारीत. परत या म्हणाले. या वेळी पूर्ण एक तास देतो म्हणाले."

मला बाकावरून उठून नाचावंसं वाटलं. "मग? कधी?"

"नाही म्हटलं मी."

"का?"

तू डब्याचं झाकण उघडत-लावत होतास. "मी ती यादी परत काढली होती, सई. दहा नावं. पूर्वी मला त्यात आकडे दिसायचे. आता वाटतं, यातल्या प्रत्येकाच्या मागे कुणीतरी कुणाला तरी विचारलं असेल, खरं सांग, आणि कुणीतरी काहीतरी सांगितलं असेल. मला पुढं वाचता येत नाही. दुसरं कुणीतरी करेल ते काम."

"यशो, मी सगळं कबूल केलं. नोकरी गेली. आणखी काय करू?"

"काही नको करूस." मग तू माझ्याकडे पाहिलंस, त्या दिवसात पहिल्यांदा. "खोटं बोललीस ते मी गिळलं असतं गं. व्हिसासाठी लोक काय काय करतात. पण नोव्हेंबरच्या पत्रात तू लिहिलंस, तुझ्या कागदाला विचारतंय कोण. मी चार वर्षं रोज संध्याकाळी तुला सगळं सांगायचो. मला वाटायचं, आपण दोघं मिळून करतोय."

"म्हणजे ते लिहायलाच नको होतं मी?"

"नाही, लिहिलंस ते बरं झालं. लिहिलंस म्हणून कळलं." मग म्हणालास, "तू आत्ता विचारलंस ना, जेवलास का. मी आधी मनात म्हटलं, ही हे का विचारतेय. साधं जेवणाचं विचारलंस तू, आणि मी ते तपासत बसलो. असं नाही राहता येत, सई. मला तरी नाही येत."

एक पोरगा बॉल आणायला आपल्या बाकापाशी आला. तू पायानं ढकलून दिलास. त्यानं 'थँक्स' म्हटलं. मग तुझी लंचची वेळ संपली.

तू मला गाडीपर्यंत सोडायला आलास. दार उघडून दिलंस. माझ्या खांद्यावर हात ठेवायला गेलास आणि सीटबेल्ट सारखा करून मागे घेतलास. मी तेव्हा रडले नाही, हे तू बघितलंस. नंतर एका पेट्रोल पंपावर थांबून रडले. पंपावरच्या बाईनं पेपर नॅपकिनचा गठ्ठा आणून दिला आणि काही न विचारता गेली.

कागदपत्रं वकिलाकडून पाठव. मी अडवणार नाही.

सई


कोलंबस विमानतळ
२९ मे २००८

यशोधन,

सही करून कागद काल पाठवले. तीन ठिकाणी आद्याक्षरं, एका ठिकाणी पूर्ण सही. रवी साक्षीदार म्हणून आला. शैला काकू जिन्यात उभ्या होत्या, त्या वर आल्या नाहीत.

विलिसचा निकाल लागला. त्याच्या बाजूनं. करार येत्या सीझनसाठी धरला गेला, टीमला त्याला ठेवावं लागणार. पण त्यांनी कळवलंय, सरावाला यायची गरज नाही, घरीच राहा. त्यानं फोन केला होता. म्हणाला, "मी जिंकलो, आणि मला जायला जागा नाही." पुढच्या ऑक्टोबरात तो पस्तिशी ओलांडेल. मग स्वतःच म्हणाला, "आईला निकालाचा कागद वाचून दाखवला. तिनं दोनदा वाचायला लावला." मी सॉरी म्हटलं. आजवर म्हटलं नव्हतं मी त्याला, लक्षात आलं का तुझ्या? माझ्याही आलं नव्हतं. तो म्हणाला, "ऐकलं मी."

यंदाच्या सोडतीही गेल्या आठवड्यात तशाच निघाल्या. तोच नियम. सीझनच्या शेवटच्या महिन्यात पाच टीम्सचे चांगले खेळाडू एकाएकी आजारी पडले होते. मी पेपरात नावं वाचली आणि पान उलटलं.

घर रिकामं केलं. तुझी पुस्तकं लायब्ररीला दिली. आराखड्याची तुझ्या हाताच्या खुणा असलेली प्रत मात्र मी ठेवून घेतलीय. पहिल्यांदा पूर्ण वाचली, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, कोपऱ्यातल्या टिपांसकट. दोन दिवस लागले. यशोधन, ते फार चांगलं काम आहे. तुझी बायको म्हणून नाही म्हणत; आता ते नातं नाहीच. मला जेवढं कळतं तेवढ्यावरून म्हणतेय. खूप उशीर झाला, तरी म्हणतेय.

आणि मग दुपारी तुझा फोन आला. वर्षभरात पहिला. मी बॅगेवर बसून चेन लावत होते.

"निघालीस का?"

"सहाचं विमान आहे. नेवार्कहून पुढं."

"सामान किती झालं?"

"एक बॅग बावीस किलो. दुसरी चोवीस भरतेय."

"तेवीसच चालतं. जड पुस्तकं वगैरे हातातल्या बॅगेत घाल."

"घातली."

"मोजे घाल. विमानात पाय गार पडतात तुझे."

"घातलेत."

"नागपूरला कोण येतंय घ्यायला?"

"अरुणदादा."

"बरं." मागे तुझ्या ऑफिसमधले आवाज येत होते, कुणीतरी हसत होतं. मग तू म्हणालास, "पोचलीस की..." आणि थांबलास.

मी फोन कानाला लावून उभी राहिले. वाक्य एवढंसंच असतं, पुढचे दोन शब्द कुणालाही माहीत असतात. तू ते कितीतरी वेळा म्हटले आहेस मला, मी कोपऱ्यावरच्या दुकानात निघाले तरी. मी वाट पाहिली. तुझा श्वास ऐकू येत होता.

"ठेवतो," तू म्हणालास.

विमानाची घोषणा झालीय. हे पत्र इथल्याच पेटीत टाकतेय, म्हणजे ते याच देशात राहील आणि तुला लवकर मिळेल. मी पोचल्यावर फोन करणार नाही. तू वाट बघू नकोस.

सई